आरएसएस फीडमागचा चौदा वर्षांचा मुलगा: ॲरन स्वार्ट्झची गोष्ट



गेल्या वर्षी माझे बाबा रिटायर झाले. तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप आणि मोबाईल घेऊन बसायचे आणि सात-आठ न्यूज साइट एकामागून एक उघडायचे. प्रत्येक साइटवर आधी नोटिफिकेशन चालू करा म्हणून विचारणा, मग अख्खा स्क्रीन झाकणारी जाहिरात, आणि ती बंद केली की कुठे बातमी. त्यांची चिडचिड बघून मी म्हटलं, थांबा, एक पायथॉन स्क्रिप्ट लिहून देतो. सगळ्या साइटच्या फीड वाचायच्या, नवीन बातम्या गोळा करायच्या आणि सकाळी सहाला एकच यादी द्यायची. वीस ओळींचं काम!

वीस ओळींचं काम दोन शनिवार-रविवार खाऊन गेलं. एका साइटची तारीख एका पद्धतीने, दुसरीची भलत्याच. एका फीडमध्ये शीर्षकात नुसतं अँडचं चिन्ह आलं आणि स्क्रिप्ट तिथेच आडवी पडली. एकच बातमी तीन-तीनदा यायला लागली. शेवटी वैतागून आधी कोणी हे केलंय का म्हणून शोधलं, तर आरएसएस-टू-ईमेल नावाचा छोटा पायथॉन प्रोग्राम सापडला. मला हवं होतं जवळपास तेच काम तो 2004 पासून करतोय. मूळ लेखक म्हणून नाव होतं ॲरन स्वार्ट्झ.

नाव ओळखीचं वाटलं म्हणून वाचायला बसलो, आणि त्या रात्री स्क्रिप्ट बाजूलाच राहिली. हा माणूस 2013 मध्येच गेला होता. वय 26. तेव्हा मी शाळेत होतो. आज मी त्याच्यापेक्षा मोठा आहे. म्हणून आज थोडं फीडबद्दल आणि जास्त त्याच्याबद्दल.

आधी फीड म्हणजे काय ते बघू

आरएसएस म्हटलं की आपल्याकडे वेगळंच काही डोळ्यासमोर येतं. इथे ती वेबसाइटने ठेवलेली एक साधी फाइल आहे. तिच्यात ताज्या लेखांची यादी असते: शीर्षक, लिंक, तारीख, थोडक्यात मजकूर. ही फाइल माणसासाठी नसून प्रोग्रामसाठी असते. तुमचं ॲप दर थोड्या वेळाने ती फाइल मागवतं आणि नवीन काय आलं ते तुम्हाला दाखवतं. मध्ये कुठला अल्गोरिदम नाही, कोणी ठरवत नाही तुम्ही काय बघायचं ते. तुम्ही निवडलेल्या साइट, त्यांनी टाकलेला क्रम, बस्स.

तुम्ही मोबाईलवर पॉडकास्ट ऐकत असाल तर बहुतेक वेळा तुम्ही आरएसएस वापरताच, फक्त ते दिसत नाही. नवीन भाग आला हे ॲपला कळतं ते फीडमधूनच.

ही कल्पना 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत आकाराला आली. पहिली आवृत्ती बनवणाऱ्यांमध्ये रामनाथन गुहा हे आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले भारतीय इंजिनीअर होते. पुढे नेटस्केपने त्यातून अंग काढून घेतलं आणि आरएसएसला वालीच उरला नाही. मग वेगवेगळ्या लोकांनी ते आपापल्या दिशेने न्यायला सुरुवात केली. त्यातल्याच एका गटात आपला हा मुलगा शिरला.

शिकागोजवळचं घर

ॲरनचा जन्म 8 नोव्हेंबर 1986 चा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, शिकागोच्या उत्तरेला हायलँड पार्क नावाचं गाव आहे, तिथला. वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी होती, त्यामुळे घरात कॉम्प्युटर लहानपणापासूनच. तीन भावांमध्ये हा थोरला.

बाराव्या वर्षी त्याने एक वेबसाइट बनवली. कल्पना अशी की, ज्याला जे माहीत आहे त्याने ते इथे लिहावं आणि सगळ्यांचा मिळून ज्ञानकोश तयार व्हावा. ओळखीचं वाटतंय ना? विकिपीडिया सुरू झाला 2001 मध्ये. ॲरनच्या साइटला आर्सडिजिटा पारितोषिक मिळालं. उपयोगी आणि बिगरव्यावसायिक वेबसाइट बनवणाऱ्या मुलांसाठीचं ते बक्षीस होतं.

शाळेत मात्र त्याचं मन रमलं नाही. वर्गात बसून शिकण्यापेक्षा स्वतः वाचून, माणसांना विचारून जास्त शिकता येतं असं त्याचं ठाम मत झालं. त्याने शाळा सोडली आणि घरूनच अभ्यास सुरू केला.

चौदाव्या वर्षी आरएसएस 1.0

2000 साली आरएसएसची पुढची आवृत्ती ठरवायला एक गट जमला होता. सगळं काम ईमेलवर. ॲरन त्यात मुद्देसूद लिहायचा, चुका दाखवायचा, पर्याय सुचवायचा. पलीकडच्यांना वाटत होतं की हा कुणी त्यांच्यासारखाच इंजिनीअर असणार. प्रत्यक्ष भेटीचा विषय निघाला तेव्हा मात्र गडी अडला. कारण काय, तर आई पाठवेल असं वाटत नाही, मी आत्ताच चौदा वर्षांचा झालोय.

डिसेंबर 2000 मध्ये आरएसएस 1.0 चं स्पेसिफिकेशन प्रसिद्ध झालं. लेखकांच्या यादीत ॲरनचं नाव होतं, गुहांचंही होतं.

या आवृत्तीची खासियत थोडक्यात सांगतो. ती आरडीएफ नावाच्या पद्धतीवर उभी होती. आरडीएफ म्हणजे काय, तर कुठलीही माहिती तीन तुकड्यांत मांडायची: कोणाबद्दल, कोणता गुण, त्याची किंमत काय. म्हणजे हा लेख, याचा लेखक, अमुक. अशी मांडणी केली की माहितीचा अर्थ मशीनलाही लावता येतो, आणि उद्या कुणाला नवीन गुण जोडायचा असेल तर मूळ फॉरमॅट न मोडता मॉड्यूल लावता येतं.

दुसऱ्या गटाला हे सगळं फार किचकट वाटलं. त्यांनी साधी वाट धरली आणि 2002 मध्ये आरएसएस 2.0 आणलं. नाव तेच, आतली रचना वेगळी. 1.0 मध्ये लेखांच्या नोंदी चॅनलच्या बाहेर, 2.0 मध्ये चॅनलच्या आत. त्यानंतर 2005 मध्ये ॲटम नावाचं तिसरं प्रमाण आलं. माझी स्क्रिप्ट का रडत होती ते आता कळलं असेल!

या भांडणाला कंटाळून ॲरनने 2002 मध्ये थट्टेत आरएसएस 3.0 सुद्धा लिहिलं. त्यात एक्सएमएलचा पत्ताच नाही, साधा मजकूर, एका ओळीत एक गोष्ट. थट्टा खरी, पण त्यात एक मुद्दा होता. वापरणाऱ्याला सोपं नसेल तर फॉरमॅट कितीही हुशार असून काय उपयोग?

ज्याची गरज ते स्वतः लिहायचं

पुढची काही वर्षं त्याने जे केलं ते वाचताना दम लागतो. क्रिएटिव्ह कॉमन्स माहीत असेल, फोटोखाली किंवा व्हिडिओखाली सीसी लिहिलेलं असतं ते. त्याचे परवाने मशीनला वाचता यावेत म्हणून जी तांत्रिक बाजू उभी केली तिच्यात तो होता, तेव्हा वय पंधरा-सोळा. 2004 मध्ये जॉन ग्रूबर यांनी मार्कडाउन आणलं, त्याच्या रचनेवर ॲरनशी बरीच चर्चा झाली होती. चॅटमध्ये शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा लावून तो ठळक करता ना, ती सवय त्याच घराण्यातली.

आणि 2004 चाच तो आरएसएस-टू-ईमेल. त्याचा कोड वाचून मी जे शिकलो ते सांगतो, कारण फीडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे.

पहिलं, फीड स्वतः फोडत बसायची नाही. त्यासाठी मार्क पिल्ग्रिम यांनी लिहिलेली फीडपार्सर ही लायब्ररी वापरायची. आरएसएसची कुठलीही आवृत्ती द्या किंवा ॲटम द्या, ती तुम्हाला एकाच साच्यात नोंदींची यादी देते. फाइल मोडकी असेल तरी मिळेल तेवढं वाचते आणि फाइलमध्ये गडबड आहे अशी खूणही लावून ठेवते. तारखा एका ठरावीक रूपात आणून देते.

दुसरं, कुठली बातमी आधी पाहिली हे लक्षात ठेवायचं. शीर्षकावरून ओळखू नका, संपादक ते दिवसातून तीनदा बदलतो. प्रत्येक नोंदीला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, तो जपून ठेवा. तो नसेल तरच लिंक वापरा. माझ्या तीन-तीनदा येणाऱ्या बातम्या इथेच थांबल्या.

तिसरं, आलेल्या मजकुरात वेबपेजचे टॅग असतात, ते साफ करून वाचण्याजोगा मजकूर करायचा. त्यासाठी ॲरनने एचटीएमएल-टू-टेक्स्ट नावाचा वेगळा प्रोग्राम लिहिला होता. पुढे इतरांनी तो सांभाळला आणि तो आजही वापरात आहे.

एका गरजेला एक छोटं साधन, आणि ते सगळ्यांसाठी खुलं. हीच त्याची पद्धत होती.

रेडिट आणि नोकरी

2004 मध्ये तो स्टॅनफर्डला गेला, पण वर्षभरातच बाहेर पडला. 2005 च्या उन्हाळ्यात वाय कॉम्बिनेटरच्या पहिल्या तुकडीत त्याची कंपनी होती, इन्फोगामी. त्याच तुकडीत रेडिट होतं. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. रेडिट आधी लिस्प भाषेत होतं, ते पायथॉनमध्ये नव्याने लिहिलं गेलं आणि त्यासाठी ॲरनने लिहिलेली वेब डॉट पाय ही लायब्ररी वापरली.

ऑक्टोबर 2006 मध्ये कॉन्डे नास्ट या मासिकांच्या कंपनीने रेडिट विकत घेतलं. एकोणीस वर्षांच्या ॲरनकडे चांगले पैसे आले. पण सॅन फ्रान्सिस्कोतल्या ऑफिसात त्याचा जीव घुसमटायला लागला आणि काही महिन्यांतच ती नोकरी गेली.

आपल्यापैकी बहुतेकांनी इथे पुढचा स्टार्टअप काढला असता. तो वळला पुस्तकांकडे. इंटरनेट अर्काइव्हच्या ओपन लायब्ररीचं काम त्याने हाती घेतलं. प्रत्येक पुस्तकासाठी एक पान, असा तो बेत होता.

कोर्टाचे कागद

अमेरिकेच्या फेडरल कोर्टांची कागदपत्रं पेसर नावाच्या सिस्टीमवर असतात. कागदपत्रं जनतेची, पण बघायला तेव्हा पानाला 8 सेंट द्यावे लागत. काही ठरावीक लायब्ररींमध्ये ती फुकट बघायची सोय झाली. 2008 मध्ये ॲरनने त्या सोयीचा वापर करून स्क्रिप्ट चालवली आणि सुमारे 27 लाख कागदपत्रं, जवळपास 2 कोटी पानं उतरवून घेतली. ती पब्लिक रिसोर्स या संस्थेमार्फत सगळ्यांना खुली झाली. एफबीआयने चौकशी केली, पण गुन्हा दाखल झाला नाही.

त्याच वर्षी त्याने ज्ञान खुलं करण्याबद्दल एक जाहीरनामा लिहिला. त्याचा रोख साधा होता. शास्त्रीय संशोधन बऱ्याचदा जनतेच्या पैशातून होतं, मग ते मूठभर कंपन्यांच्या कुलुपात का?

हा प्रश्न मला परका नाही. फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक रिसर्च पेपर हवा होता. लिंक उघडली तर तीसेक डॉलर मागितले. माझ्या मेसच्या जवळपास महिन्याच्या बिलाएवढे! पहिला परिच्छेद फुकट होता, तो वाचला आणि टॅब बंद केला.

जेस्टोर

सप्टेंबर 2010. ॲरन तेव्हा हार्वर्डमध्ये फेलो होता. जवळच्याच एमआयटीत त्याने लॅपटॉप नेटवर्कला जोडला आणि जेस्टोर या संशोधन नियतकालिकांच्या संग्रहातून पायथॉन स्क्रिप्टने पेपर उतरवायला सुरुवात केली. एमआयटीच्या नेटवर्कवर पाहुण्यांनाही जेस्टोर बघता यायचं. पण एकेक पेपर वाचणं वेगळं आणि लाखोंनी उतरवणं वेगळं. सर्व्हरवर ताण आला. जेस्टोरने त्याचा पत्ता अडवला, त्याने पत्ता बदलला. पुन्हा अडवला, पुन्हा बदलला. एका टप्प्यावर जेस्टोरने अख्ख्या एमआयटीचाच प्रवेश काही दिवस बंद ठेवला. म्हणजे ज्यांचा यात संबंध नव्हता अशा संशोधकांनाही झळ बसली. पुढे त्याने एका तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लॅपटॉप ठेवून थेट केबल जोडली. एकूण सुमारे 48 लाख लेख उतरले. 6 जानेवारी 2011 रोजी त्याला अटक झाली.

तो हे सगळं कशासाठी करत होता, याचं पक्कं उत्तर कोर्टात कधी आलंच नाही. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की त्याला ते जगभर वाटायचे होते. पण त्याने ते वाटले नव्हते. जून 2011 मध्ये त्याने सगळा डेटा जेस्टोरला परत दिला, आणि जेस्टोरने आपल्या बाजूने विषय मिटवला. एमआयटी तटस्थ राहिली.

सरकारने मात्र सोडलं नाही. जुलै 2011 मध्ये चार आरोप ठेवले, सप्टेंबर 2012 मध्ये ते तेरा झाले. सगळे सिद्ध झाले तर कायद्याने जास्तीत जास्त 50 वर्षं तुरुंगवास आणि 10 लाख डॉलर दंड होऊ शकत होता. गुन्हे कबूल कर, काही महिन्यांवर भागवू, अशी तडजोडही समोर होती. त्याने नकार दिला.

हे डोक्यावर असतानाही तो थांबला नव्हता. डिमांड प्रोग्रेस ही त्याने सुरू केलेली संघटना सोपा या कायद्याच्या मसुद्याविरुद्ध लढत होती. पायरसी रोखण्याच्या नावाखाली अख्ख्या वेबसाइट बंद पाडता येतील अशी त्यात तरतूद होती. 18 जानेवारी 2012 रोजी निषेध म्हणून इंग्रजी विकिपीडिया एक दिवस बंद राहिला. तो मसुदा पुढे बारगळला.

खटला उभा राहायचा होता एप्रिल 2013 मध्ये. 11 जानेवारी 2013 रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या घरी ॲरनने स्वतःचं आयुष्य संपवलं. तीन दिवसांनी सरकारने आरोप मागे घेतले.

इथे थोडं थांबतो. अशा मृत्यूचं एकच कारण कुणी बाहेरून सांगू शकत नाही, मीही सांगणार नाही. त्याला आधीही नैराश्याचा त्रास झाला होता आणि त्यावर त्याने मोकळेपणाने लिहिलं होतं. हे वाचणाऱ्या कुणाला असं काही जाणवत असेल तर एकटं राहू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास आणि फुकट.

मागे काय उरलं

त्याला पुढे मरणोत्तर इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. तो गेला त्याच वर्षी, 1 जुलैला, गूगल रीडर बंद झालं. फीड वाचणाऱ्यांचं ते सर्वात लाडकं साधन होतं. अनेकांनी तेव्हा आरएसएस मेलं म्हणून जाहीर केलं. पण फीड कुठल्याच एका कंपनीची नसल्याने तिला मारणार कोण? पॉडकास्ट त्यावरच चालतात, कित्येक साइट अजून फीड देतात, आणि आरएसएस-टू-ईमेल दुसऱ्या लोकांनी सांभाळून चालू ठेवलंय.

संशोधनाचं कुलूपही थोडं सैल झालंय. आपल्याकडे केंद्र सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही योजना मंजूर केली, तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये. 2025 पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना सुमारे 13 हजार नियतकालिकं वाचता येतात. तरी लक्षात घ्या, आपण कुलूप काढलेलं नाही. किल्ली विकत घेतलीय, आणि तीही सगळ्यांसाठी नाही.

आणि माझी स्क्रिप्ट

ती चालू झाली. सुरुवातीला उत्साहात मी दर मिनिटाला फीड मागवत होतो. दुसऱ्या दिवशी एका साइटने माझा पत्ता अडवला. आधी राग आला, पर्याय शोधायला लागलो, आणि हात थांबला. जेस्टोरचा भाग नुकताच वाचला होता. पलीकडे कुणाचा तरी सर्व्हर आहे, त्याचं बिल कुणीतरी भरतं. मग नीट केलं. तासाला एकदा विचारायचं, आणि विचारताना मागच्या वेळी सर्व्हरने दिलेली खूण परत पाठवायची. काही बदललं नसेल तर सर्व्हर 304 हा आकडा पाठवतो आणि अख्खी फाइल पाठवायची वेळच येत नाही. त्याचा डेटा वाचतो, आपलाही.

शेवटचा टप्पा म्हणजे गोळा झालेल्या बातम्यांची स्वतःची एक फीड तयार करणं. इथे एकच सल्ला देतो. अक्षरं जोडून जोडून फाइल बनवू नका, लायब्ररीला बनवू द्या. अँडचं चिन्ह, कंसाची टोकं ती बरोबर बदलून घेते. मराठीसाठी यूटीएफ-8 ठेवा. प्रत्येक नोंदीला न बदलणारा ओळख क्रमांक द्या. तारीख प्रमाणात सांगितलीय तशीच लिहा. तुमच्या फीडने उद्या कुणाची तरी स्क्रिप्ट आडवी पडू नये, एवढंच.

आता बाबांच्या फोनवर एक फुकटचं फीड ॲप आहे. सकाळी सहाला यादी तयार असते, ती खालपर्यंत वाचतात आणि फोन ठेवून देतात. यादी संपते, हे त्यांना सगळ्यात आवडलं.

परवा त्यांनी विचारलं, हे कुणी बनवलंय? मी म्हटलं, बरेच जण आहेत, पण त्यात एक चौदा वर्षांचा मुलगा होता. त्यांनी चष्मा काढून विचारलं, आता काय करतो तो?

मग मी त्यांना ही गोष्ट सांगितली.